मदत हवी आहे: गणपतीत सोसायटीत दाखवायला सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत एका रात्री आरतीनंतर पार्किंगमध्ये पडदा लावून सगळ्यांनी मिळून मराठी सिनेमा बघायचा बेत आहे. सतरंजीवर पोरंटोरं, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. परेश मोकाशींचे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) आणि 'एलिझाबेथ एकादशी' (2014) बहुतेकांचे पाहून झालेत. 'एलिझाबेथ एकादशी'तली पंढरपूरची ती सायकल तर मुलांना तोंडपाठ आहे!

तसाच, लहानथोरांना एकत्र बघता येईल असा, दोन तासांच्या आतला सिनेमा सुचवाल का? मारामारी नको, फार रडवणाराही नको. काही आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून खाली मराठी अक्षरं येणारी प्रत मिळाली तर फारच बरं. आणि असं जाहीर दाखवायला निर्मात्यांची परवानगी कोणी रीतसर काढली आहे का? कशी, ते जरूर सांगा.