हाँगकाँगला चाललोय, बंदर कसं बघावं?

नीलेश, ए-३०४: नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन हाँगकाँगला जायचं नक्की झालंय. टूरवाला बंदरातली डिनर क्रूझ घ्याच म्हणून मागे लागलाय, माणशी पैसे बरेच सांगतोय. कुणी जाऊन आलंय का? आईचे गुडघे आणि बाबांचा शाकाहार, दोन्ही सांभाळायचंय.

महेश, बी-५०३: आम्ही घेतली होती क्रूझ. दिवे छान दिसतात. रात्री ८ ला दोन्ही काठांवरच्या इमारतींचा लाइट शो असतो, तो नेमका बोटीतून मिळतो.

मेधाताई, बी-२०५: सावंत काकांना विचार. ते बोटीवर असताना कितीदा जाऊन आलेत.

सावंत काका, सी-७०१: नीलेश, क्रूझ घेऊ नकोस. महेश म्हणतो तो शो कौलूनच्या बाजूला, त्सिम शा त्सुईच्या किनाऱ्यावर उभं राहून फुकट दिसतो, फक्त अर्धा तास आधी जाऊन जागा धरायची. बंदर बघायचं तर स्टार फेरीतून बघ. तिथल्याच धक्क्यावरून समोरच्या हाँगकाँग बेटावर, सेंट्रलला जाते. हिरव्या-पांढऱ्या बोटी, जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास, तिकीट आपल्या शंभर रुपयांच्या आत. संध्याकाळी उजेड असताना जा, दिवे लागल्यावर परत ये. क्रूझमध्ये काचेआड बसून सगळं लक्ष ताटात राहतं. फेरीत शेजारी कामावरून घरी निघालेला माणूस बसलेला असतो, तोंडावर खारा वारा येतो आणि मोठं जहाज बाजूने गेलं की पायाखालची फळी हलते.

सावंत काका, सी-७०१: आणि बाकांकडे लक्ष दे. लाकडी बाकाची पाठ पुढेमागे ढकलता येते. बोट दोन्ही टोकांनी चालते, तिला वळावं लागतच नाही. म्हणून माणसं चढतात, पाठ फटकन उलटी करतात आणि जायच्या दिशेला तोंड करून बसतात. धक्क्याला लागताना पुढच्या बाजूला उभा राहा. बोटीवरचा खलाशी जाड दोर फेकतो आणि धक्क्यावरचा माणूस तो आकडीच्या काठीने उचलून खुंटाला अडकवतो. एवढी यंत्रं आली तरी हे काम हातानेच चाललेलं मी पाहिलंय. बोटीवर आयुष्य गेलं माझं, तरी दर वेळी बघत उभा राहायचो.

मेधाताई, बी-२०५: काका, ही फेरी आपल्या मुंबईच्या पारशाने सुरू केली ना?

सावंत काका, सी-७०१: हो मेधा. दोराबजी नवरोजी मिठाईवाला. १८८८ साली त्यांनी कौलून फेरी कंपनी काढली, १८९८ मध्ये तिचं नाव स्टार फेरी झालं. आजही प्रत्येक बोटीच्या नावात 'स्टार' असतो. त्सिम शा त्सुईच्या धक्क्यापासून जवळच मोदी रोड आहे, तो होरमसजी नवरोजी मोदींच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी मोठी देणगी त्यांनीच दिली. मुंबईकराने ती पाटी बघून यावी असं मला मनापासून वाटतं.

सावंत काका, सी-७०१: या फेरीवर तिथल्या लोकांचा जीव आहे. १९७२ मध्ये बंदराखालून मोटारींचा बोगदा होईपर्यंत पलीकडे जायचं म्हणजे बोटच. १९६६ साली पहिल्या वर्गाचं भाडं ५ सेंट वाढवायचं घाटत होतं, तर एक तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला आणि पुढे कौलूनमध्ये दंगली उसळल्या. २००६ मध्ये भराव घालण्यासाठी सेंट्रलचा जुना धक्का पाडला, तेव्हाही लोकांनी निदर्शनं केली. भराव घालून घालून बंदर किती अरुंद झालंय ते तुला डोळ्यांनीच दिसेल. आपल्याकडेही समुद्र असाच मागे ढकलला, त्यामुळे मला ते बघून फार वाईट वाटतं.

नीलेश, ए-३०४: काका, हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, ते खूश. पण आईला चालणं किती पडेल?

सावंत काका, सी-७०१: सेंट्रलचा धक्का आता ७ नंबरचा, पुढे सरकलाय. मेट्रो स्टेशनपासून बरंच चालावं लागतं, तिथे टॅक्सी कर. त्सिम शा त्सुईच्या बाजूला मात्र समोरच क्लॉक टॉवर आहे. ४४ मीटर उंच, जुन्या रेल्वे स्टेशनचा तेवढाच उरलाय. तिथे वहिनींना निवांत बसव. सेंट्रलच्या बाजूला दुमजली ट्राम आहे, तिच्या वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे, त्यांना खालीच बसू दे. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. १९०४ पासून चालतेय ती, रमतगमत जाते, शहर बघायला उत्तम.

महेश, बी-५०३: पीक म्हणजे वरच्या डोंगरावर जाणाऱ्या पीक ट्रामला आम्हाला रांग खूप लागली होती. सेंट्रलहून १५ नंबरची बस वर जाते, ती घ्या. वर पैसे देऊन गच्चीवर गेलंच पाहिजे असं नाही, लायन्स पॅव्हिलियनमधून बंदर फुकट दिसतं.

मेधाताई, बी-२०५: शाकाहाराचं सांगते. भाजीतही ऑयस्टर सॉस किंवा मांसाचं पाणी असू शकतं, आधी विचारून घ्या. लांताऊ बेटावर मोठ्या बुद्धाजवळ पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, बाबांना आवडेल. बुद्धापर्यंत २६८ पायऱ्या आहेत, वहिनींनी खालूनच दर्शन घ्यावं. मूर्ती ३४ मीटरची आहे, खालून छान दिसते. नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय जेवण आहेच.

महेश, बी-५०३: आणि भारतीय पासपोर्टला आधी ऑनलाइन नोंदणी लागते, १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी. सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. तिघांची वेगवेगळी करा.

नीलेश, ए-३०४: बरं झालं सांगितलंत, टूरवाला त्याचे वेगळे पैसे लावत होता. क्रूझ काढून टाकायला सांगतो.

सावंत काका, सी-७०१: विमानतळावरच भाडं भरायचं ऑक्टोपस कार्ड घे. फेरी, ट्राम, बस, मेट्रो, सगळीकडे चालतं. वादळाचा ८ नंबरचा इशारा लागला की फेऱ्या बंद होतात, पण दिवाळीनंतर ती भीती कमी. उद्या सहाला वडिलांना घेऊन घरी ये, नकाशावर धक्के दाखवतो.

नीलेश, ए-३०४: येतो काका. आईपण येतेय म्हणते.