मदत हवी आहे : नवे कवितासंग्रह वाचकांना भेट द्यायचेत, वाचक निवडायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघी मैत्रिणी वर्षभर थोडेथोडे पैसे बाजूला टाकत होतो, त्यातून पाच नवे कवितासंग्रह घेतलेत, प्रत्येकाच्या आठ प्रती. त्यातल्या तिघांचं तर हे पहिलंच पुस्तक. या 40 प्रती 21 मार्चला जागतिक कविता दिनाच्या निमित्ताने (युनेस्कोने 1999 मध्ये ठरवलेला दिवस) वाचकांना फुकट पाठवायच्या आहेत, कुरिअरचा खर्चही आमचाच.

अडचण अशी की मागच्या खेपेला 'जो आधी मागेल त्याला' असं केलं होतं. तासाभरात सगळ्या प्रती संपल्या, आम्ही खूष, आणि मग दोन-तीन जण सोडले तर कुणाचा साधा 'मिळालं' असा मेसेजसुद्धा नाही. एका घरी तर चार महिन्यांनी गेले तेव्हा पाकीटही न फोडलेलं दिसलं. मला खरंच वाईट वाटलं, कारण पहिलं पुस्तक काढलेला कवी कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून किती वाट बघत असतो ते मी जवळून पाहिलंय.

आता एक मैत्रीण म्हणते, 'तुम्हाला हे पुस्तक का हवंय' ते लिहून घ्या. पण मग छान लिहिता येणाऱ्यांनाच मिळणार, आणि जो गपचूप वाचतो, ज्याने अजून एकही कवितासंग्रह हातात धरला नाहीये, तो राहूनच जाणार. दुसरी म्हणते पंधरा दिवसांत अभिप्राय सक्तीचा करा. हे मला अजिबात पटत नाही, कादंबरी एकदा वाचली की संपते, कवितेचं पुस्तक उशाशी पडून राहतं आणि मध्येच कधीतरी एखादं पान उघडतं, त्याला मुदत कशी घालणार?

कुणी असं काही केलंय का? काय जमलं, काय फसलं, प्लीज सांगा.

प्रतिसाद 1

ताई, आम्ही केलंय. प्रत्येक संग्रहातली एकेक कविता कवीची परवानगी घेऊन आधी पोस्ट करा आणि 'यातलं कुठलं पुस्तक हवं' एवढंच विचारा. कविता वाचून एकच पुस्तक मागणारा माणूस बहुतेक वाचतोच. नावं आठवडाभर घ्या, म्हणजे उशिरा बघणाऱ्यालाही चान्स मिळतो, मग पुस्तकागणिक चिठ्ठ्या टाका. पत्ते मात्र कमेंटमध्ये मागू नका, मेसेजवर घ्या आणि पुस्तक पोचलं की डिलीट करा. अभिप्रायाऐवजी पुस्तकात एक कोरं कार्ड घाला, 'ज्या पानावर थांबलात तो नंबर कळवा'. आम्हाला वर्षाने उत्तरं आलीत.

धागाकर्ती

पान नंबरची कल्पना फारच आवडली, हे कवींना कळवताही येईल. पाचही जणांना आजच फोन करते. एकच विचारायचं राहिलं, 80 पानी पुस्तक शंभर-सव्वाशे ग्रॅमचं भरतं, साध्या पाकिटात कोपरे दुमडतात, तुम्ही आत पुठ्ठा घातला होता का?