कोण म्हणतं कॅबिनेट आतून रंगवायचं नसतं?

पत्रेवाला

परवा एका मुलाने आपल्या कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट आतून पांढरं रंगवून फोटो टाकले होते. त्याखाली कोरडा_ठोकळा यांचा प्रतिसाद असा: "झाकण लावल्यावर दिसणार कुणाला? तेवढ्या पैशात दोन चांगले पंखे आले असते. रंगाने आत उष्णता कोंडते, पोपडे निघून मदरबोर्डावर पडतात, वर बोर्डाचं अर्थिंग तुटतं. असली हौस करू नये." दुसऱ्या दिवशी मुलाने फोटो काढून टाकले. दोन दिवस माझ्या डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं कॅबिनेट कूलर मास्टरचं एचएएफ ९३२, २००९ साली लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं. बाहेरून काळंभोर, आणि बाजूचा पत्रा काढला की आत बिनरंगाचं राखाडी. तेव्हा बरीच कॅबिनेटं अशीच यायची. पुढे कंपनीने त्याचीच आतूनही काळी आवृत्ती काढली, २०१० सालचं एचएएफ एक्स तर आतून काळंच आलं. आता काचेच्या दाराशिवायचं कॅबिनेट शोधावं लागतं. मग दिसणार कुणाला हा प्रश्न कुठे उरतो?

पण माझं कारण दिसण्याचं नाहीच. रंगवायचं म्हणून मी ते कॅबिनेट पूर्ण सुटं केलं. रिपिटा ड्रिलने काढल्या, बोर्ड बसतो तो ट्रे वेगळा, हार्ड डिस्कचा पिंजरा वेगळा. कुठल्या कडेला बोट कापतं, वायरींचा गठ्ठा कुठे वारा अडवतो, हे तेव्हा कळलं. ट्रेला वायरींसाठी दोन भोकं पाडली, कडांना रबर लावलं, धारा कानशीने मारल्या. रंगवायला घेतलं नसतं तर यातलं एकही काम झालं नसतं. स्प्रेचे चार डबे, प्रायमर, वॉटर पेपर धरून पंधराशेच्या आत खर्च आला. सहा वर्षं झाली, एक पोपडा निघालेला नाही.

पहिल्यांदा हातात स्प्रे घेतलेल्या पोराला 'असली हौस करू नये' म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

कोरडा_ठोकळा

फोटो काढून टाक असं मी कुणाला म्हटलेलं नाही. ते माझ्या माथी मारू नका.

पोपड्यांचं मी डोळ्यांनी बघितलंय. मेव्हण्याने आपलं कॅबिनेट रंगवलं. खिडकीच्या ग्रिलला मारतात तोच लाल ऑक्साईड, वर उरलेला ऑइलपेंट. दिवाळीत चकाचक. पुढच्या पावसाळ्यात बोटाने ओढलं तर कांद्याच्या सालासारखे पापुद्रे हातात आले. एक पापुद्रा ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात अडकून पंखा थांबला. कार्ड वाचलं ते नशिबाने. तुमचं सहा वर्षं टिकलं, त्याचं वर्षभरही नाही. मी कुणाचं धरू?

खारा_वारा

ठोकळासाहेब, मी रत्नागिरीचा, गंज आणि रंग यांच्याशी रोज गाठ. तुमच्या मेव्हण्याचं जे झालं ते होणारच होतं. कॅबिनेटचा पत्रा ग्रिलसारखा साधा लोखंडी नसतो, त्यावर जस्ताचा थर असतो. ऑइलपेंट किंवा तेलाच्या प्रायमरची जस्ताशी हळूहळू प्रक्रिया होते आणि मधल्यामध्ये चक्क साबण तयार होतो. साबणावर रंग कसा टिकेल? वरून ओल आली की सुटला. लाल ऑक्साईड लोखंडासाठी चांगला, जस्तावर मारायचा नाही. तिथे एचिंग प्रायमर लागतो, त्यातलं आम्ल पत्र्याला धरतं.

दुसरी चूक लोक करतात ती घासण्याची. चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासत सुटतात. जस्ताचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, तो गेला की खालचं लोखंड उघडं. बारीक पेपरने नुसती झाक मारायची, भांड्याच्या साबणाने धुवायचं, कडक वाळवायचं.

आणि 'रंगवायचंच कशाला' याचं उत्तर आमच्याकडे येऊन बघा. पत्र्याला जस्त आधी लागतं आणि तो कापला जातो नंतर, त्यामुळे प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक भोक उघडं असतं. किनाऱ्यावर तीन वर्षांत त्या कडांना तांबूस रेघ येते. माझ्या सायबर कॅफेत एकेकाळी बारा मशीन होत्या. ज्या चार आतून रंगवल्या होत्या त्या मी विकल्या, उरलेल्या आठ भंगारात घातल्या.

कोरडा_ठोकळा

ठीक आहे, प्रायमर चुकला होता, रंगाचा दोष नाही. पण दुकानात जाऊन प्रायमर मागितला की लाल ऑक्साईडच हातात पडतो. म्हणून नवशिक्याला नको सांगितलेलं बरं, हे माझं मत कायम आहे.

पत्रेवाला

मग 'लाल ऑक्साईड नको' असं सांगायचं होतं. 'हौस करू नये' कशाला?

दोन_हात_पांढरा

उष्णता कोंडण्याबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. काळा रंग उन्हात तापतो हे खरं, कारण तिथे सूर्याचा प्रकाश असतो. कॅबिनेटच्या आत ऊन नाही. पन्नास-साठ अंशांवरच्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती डोळ्याला न दिसणारी, आणि तिच्या बाबतीत काळा आणि पांढरा रंग जवळजवळ सारखेच वागतात. उलट कोरा चकचकीत जस्ताचा पत्राच ती कमी टाकतो. तरीही या सगळ्याचा हिशोब फारसा होत नाही, कारण उष्णता नेतो तो पंख्याचा वारा. माझ्याकडे रंगवण्याआधी आणि नंतर फरक एक अंशाचाही पडला नाही.

रंग मात्र पांढराच घ्या. काळ्यात पडलेला स्क्रू बॅटरी घेऊन शोधावा लागतो. फक्त पांढरा ऑइलपेंट नको, तो बंद अंधाऱ्या जागेत पिवळा पडतो. ॲक्रिलिक घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे मारूच नका. हवेतली ओल रंगात बसते आणि वर दुधी डाग येतात. मी एकदा गणपतीच्या सुट्टीत घाई केली आणि सगळं परत घासावं लागलं.

भट्टीतला

स्प्रेचं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, पावडर कोटिंग कुणी केलंय का? मी भोसरीत एकाकडून करून घेतलं. थर साठ-सत्तर मायक्रॉन, भट्टीत १८० अंशांच्या वर भाजलेला. आजही किल्लीने ओढला तरी ओरखडा येत नाही. पण सांगूनसुद्धा त्याने आटे झाकले नाहीत. बोर्ड ज्यांवर बसतो त्या स्टँडऑफची नऊही भोकं पावडरने बुजली. जोर लावून पितळी स्टँडऑफ पिळला तो अर्ध्यातच तुटला. शेवटी टॅप आणून सगळे आटे परत पाडले. दोन दिवस गेले. भोकांत सिलिकॉनची बुचं घातल्याशिवाय भट्टीत देऊ नका, आणि प्लास्टिकचं एकूण एक बटण आधी काढा.

एसएमपीएसवाला

बावीस वर्षं दुरुस्तीत आहे. रंग कुठलाही लावा. अर्थिंगचा मुद्दा ठोकळांनी काढला आणि सगळ्यांनी सोडून दिला, तोच महत्त्वाचा आहे.

बोर्डाचं ग्राउंड रंगाने तुटत नाही, ते मोठ्या कनेक्टरच्या आठ काळ्या वायरींतून जातंच. तिथे ठोकळा चुकले. पण पत्रेवाल्यांनी प्रत्येक भाग सुटा करून चारी बाजूंनी रंगवला आणि मग जोडला. म्हणजे पत्रा आणि पत्रा यांच्यामध्ये रंग. रिपिटेने लागला संपर्क तर लागला, नाही तर नाही. तुमच्या वरच्या आणि बाजूच्या पत्र्याला अर्थिंग पोहोचतंय का? मीटर लावून बघितलंय कधी? एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, टेकतो ती जागा, स्टँडऑफची भोकं, मागची पोर्टची चौकट आणि पत्र्यांचे जोड, इथे मास्किंग टेप लावायचीच. फोटोत रंग छान दिसतो, पण मी आधी तिथे बघतो.

चौथा_मजला

माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. विशेषतः अनवाणी असताना. गेल्या वर्षी आतून-बाहेरून स्प्रे मारला, तेव्हापासून एकदम बंद. म्हणजे रंगाचा फायदाच झाला ना?

एसएमपीएसवाला

अहो, बंद काही झालेलं नाही! रंगाखाली ते जसंच्या तसं आहे. कृपा करून हे नीट वाचा.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात एक कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लटकत राहते, २३०च्या निम्म्यावर. करंट मिलीअँपिअरच्या आतला, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्या मुंग्या सांगत होत्या की तुमच्या घरात अर्थिंग नाही. उद्या आत फेज बॉडीला चिकटला तर एमसीबी पडणार नाही, आणि त्या रंगाला कुठेतरी स्क्रूजवळ ओरखडा असणारच.

चौथा_मजला

अर्थिंग आहे. तीन पिनचा सॉकेट आहे. तुम्ही आमचं घर न बघताच ठरवून टाकलंत.

एसएमपीएसवाला

तिसरं भोक असणं आणि भोकामागे वायर असणं यात फरक आहे. मी किती सॉकेट उघडले ज्यात हिरवी वायर नुसती मुडपून ठेवलेली होती. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन आत न्यूट्रलवरून अर्थला जंपर, म्हणजे वायरचा तुकडा, मारतात. मुंग्या जातात, गिऱ्हाईक खूश. मग कधीतरी मागे न्यूट्रल सुटली की कॅबिनेट, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या बॉडीवर पूर्ण फेज. एका घरात मी दुरुस्तीला गेलो होतो, टेबलाखाली कॅबिनेट, फरशी नुकतीच पुसलेली, आणि तीन वर्षांची मुलगी त्याला धरून उभी राहत होती. सॉकेट उघडला तर जंपर. मी तो तिथल्या तिथे कापला आणि वायर ओढून दिल्याशिवाय कॉम्प्युटर चालू केला नाही. मालक माझ्यावर रागावले, काम वाढवलं म्हणाले. म्हणून या विषयावर माझा आवाज चढतो.

भट्टीतला

आमच्या सोसायटीत अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा-मीठ घातलेला. सात वर्षांत त्यावर कुणी पाणी ओतलेलं नाही. वर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत. सभेत विषय काढला तर 'लाईट चालू आहेत ना' हे उत्तर.

खारा_वारा

उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, मग असून नसल्यासारखा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या ओततो. घरात करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या.

कोरडा_ठोकळा

बघा, मी अर्थिंग म्हटलं तेव्हा सगळे माझ्यावर तुटून पडलात.

एसएमपीएसवाला

तुम्ही बोर्डाचं तुटतं या अर्थाने म्हणालात, ते चूकच होतं. पण विषय काढलात हे बरोबर.

पत्रेवाला

हा धागा रंगाचा होता, सोसायटीच्या खड्ड्यात गेला याचा मला आधी राग आला होता. पण काल रात्री मीटर घेऊन बसलो. एसएमपीएसच्या बॉडीपासून ट्रेपर्यंत बीप येतोय, म्हणजे जोड आहे. मागच्या पत्र्यालाही येतोय. वरच्या पत्र्याला नाही. डाव्या दाराला नाही. सहा वर्षं मी या कॅबिनेटचं कौतुक सांगत फिरतोय आणि अर्धं कॅबिनेट अर्थिंगविना उभं होतं. हे मला आवडलेलं नाही, पण खरं आहे. दोन स्क्रूंच्या खाली रंग खरवडला, दातेरी वायसर टाकले, आता दोन्हीकडे बीप येतोय.

तरी हे लिहून ठेवतो: यासाठी कॅबिनेट रंगवू नये असं नाही, टेप कुठे लावायची ते माहीत हवं एवढंच. ते त्या मुलाला त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर त्याने फोटो काढून टाकले नसते.

कोरडा_ठोकळा

त्या मुलाला मी आज निरोप पाठवला, फोटो परत टाक म्हणून. आतून रंगवणं मला अजूनही पटत नाही, मी पंखेच घेईन. पण प्रायमर कुठला मारलास तेही विचारलं. लाल ऑक्साईड असेल तर जूनच्या आत खरवडून परत करावं लागेल. पेपरचे नंबर पत्रेवाल्यांनी त्याला सांगावेत, मला त्यातलं कळत नाही.

पत्रेवाला

सांगतो. आधी ४००, प्रायमर वाळल्यावर ८०० पाण्यातून.

चौथा_मजला

एसएमपीएसवाले, सकाळी शेजारच्या काकांचा मीटर आणला. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ ५८, आणि तो आकडाही एका जागी थांबत नाही. मेन बंद करून सॉकेट उघडला, हिरवी वायर आहे पण ती भिंतीत दोन इंच आत जाऊन संपते. कॉम्प्युटरची पिन काढून ठेवली आहे. वायरमन चार वाजता येतोय, त्याला जंपर मारू देणार नाही.