‘फुप्फुसात पाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : डिस्चार्ज कार्डावर ‘निगेटिव्ह प्रेशर पल्मनरी एडीमा’ लिहिलंय. ‘नकारात्मक दाबामुळे फुप्फुसात पाणी’ असं भाषांतर चालेल का?

उत्तर : ‘नकारात्मक’ नको. विचार नकारात्मक असतात, दाब ऋण असतो. साध्या श्वासात छातीतला दाब उणे ५ ते ८ सेंमी पाणी (हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) इतका उतरतो. भूल उतरताना श्वासासाठी घातलेली नळी काढली आणि स्वरतंतू घट्ट मिटले, किंवा रुग्णाने नळीच चावून धरली, तर श्वास ओढण्याच्या धडपडीत तोच दाब उणे ५० ते १०० पर्यंत जातो. हवा तर येत नाही, मग केशवाहिन्यांतला द्रव वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, खेचला जातो. म्हणूनच हे धडधाकट, पिळदार छातीच्या तरुणांत जास्त दिसतं.

दुसरं उत्तर : माझी हरकत ‘पाणी’ला आहे. आपल्याकडे ‘फुप्फुसात पाणी झालंय’ म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणातलं पाणी, सुईने काढतात ते. नातेवाईक लगेच विचारतात, “मग काढून टाका ना!” हे पाणी वायुकोशांत असतं, फेसाळ गुलाबी कफातून दिसतं, सुईने निघत नाही. लिहिताना ‘फुप्फुसशोफ’, बोलताना ‘फुप्फुसाच्या आत पाणी उतरलं’. ‘शोथ’ मात्र नको, तो दाहाचा : यकृतशोथ, मस्तिष्कशोथ.

प्रश्न : आणि लॅरिंगोस्पॅझम, म्हणजे ते स्वरतंतू घट्ट मिटणं? ‘स्वरयंत्राचा आचका’?

उत्तर : अहो, आचके शेवटच्या घटकेला देतात! नातेवाईकांच्या काळजाचं पाणी होईल. ‘स्वरयंत्राचा आकर्ष’ म्हणा, किंवा सरळ ‘स्वरतंतू मिटले’. तेव्हा जबडा पुढे ओढून, मास्क घट्ट बसवून १०० टक्के ऑक्सिजन दाबाने देतात. नाहीच सुटलं तर थोडं प्रोपोफॉल (भुलीचं औषध), मग सक्सामिथोनियम (स्नायू सैल करणारं). नळी चावली असेल तर श्वासनलिकेत तिला घट्ट बसवणारा फुगा रिकामा करावा, बाजूने थोडी हवा जाते. दाढांमध्ये गुंडाळलेला गॉज आधीच ठेवला असता तर ही वेळ येत नाही.

उत्तर : ‘पाणी’ शब्दाचा आणखी एक घोळ. तो ऐकला की लघवीचं औषध, फ्युरोसेमाइड, आठवतं. पण इथे अंगात पाणी वाढलेलं नसतं, ते फक्त भलत्या जागी गेलेलं असतं. खरा आधार ऑक्सिजन आणि मास्कमधून ५ ते १० सेंमीचा सततचा धन दाब. बहुतेकांचं १ ते २ दिवसांत निवळतं.

उत्तर : ‘ऋणदाब’ही सगळीकडे बसत नाही. मोठे टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढून जुना अडथळा मोकळा झाल्यावरही हे होतं. अडथळ्यामुळे उच्छ्वासात टिकून राहिलेला धन दाब एकाएकी जातो आणि द्रव आत झिरपतो. दोन्हींना सामावणारं नाव ‘अडथळ्यानंतरचा फुप्फुसशोफ’.