फ्लॉपी बदलली तरी आधीच्याच फ्लॉपीच्या फाईल्स दिसतात, जुना पेंटियम थ्री, विंडोज ९८

डिचोली_डॉस:
नमस्कार मंडळी. चवथीला घरी आलोय आणि बाबांनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढायला लावलाय. कारण असं की यंदा गावच्या जत्रेत त्यांचं जुनं संगीत नाटक परत बसवायचं घाटतंय आणि संहिता आहे फक्त फ्लॉप्यांवर, एक झेरॉक्स होती ती कोणीतरी वाचायला म्हणून नेली ती नेलीच. एकेका फ्लॉपीवर एकेक अंक, वर बाबांच्या अक्षरात लेबलं.

मशीन पेटलं, हेच खूप. तारीख भलतीच दाखवतं, एफ१ दाबायला लावतं, पण पुढे जातं. आता गंमत बघा. अंक पहिला घातला, फाईल्स दिसल्या. काढून अंक दुसरा घातला तर परत पहिल्याच अंकाच्या फाईल्स! तिसरा घातला तरी तेच. त्यातली फाईल उघडायला गेलो तर कधी कचरा येतो कधी एरर. मशीन बंद करून चालू केलं की जी फ्लॉपी आत असेल ती नीट दिसते, मग बदलली की परत तेच नाटक. ड्राईव्हचा दिवा पेटतो विझतो, आवाजही नेहमीसारखा. दोन-तीन फ्लॉप्यांचं पत्र्याचं झाकण सरकवून बघितलं तर आत पांढरे ठिपके आहेत, त्या अजून घातल्या नाहीत. ड्राईव्ह गेलीय की फ्लॉप्या? हार्ड डिस्कवर एक गाण्यांची फाईल सापडलीय, ती पण एका फ्लॉपीवर घेऊन ठेवू का?

पेडण्याचो_पात्रांव:
केबल उलटी लागली असेल. नायतर एक फ्लॉपी फॉरमॅट मारून बघ, ड्राईव्ह चालते का कळेल. तसं आता फ्लॉपी वापरतो कोण, जपानच्या सरकारने पण २०२४ मध्ये सोडली 😄

जुनाबोर्ड_मडगाव:
डिचोलीकर, थांब!! फॉरमॅट बिरमॅट करू नको आणि ती गाण्यांची फाईल तर कुठल्याच फ्लॉपीवर टाकू नको. आधी सगळ्या फ्लॉप्यांची कोपऱ्यातली काळी पट्टी सरकवून भोक उघडं कर. साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे लॉक. हे झालं की मग पुढचं वाच.

पात्रांव, केबल उलटी असती तर दिवा सतत पेटलेला राहिला असता आणि काहीच वाचलं नसतं. इथे वाचतंय, फक्त फ्लॉपी बदललेली त्याला कळत नाहीये. हा जुना ओळखीचा रोग आहे, डॉसच्या (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाईप करून चालवायची सिस्टीम) काळात माझ्याकडे रिपेअरिंगला असली मशीनं यायची. फ्लॉपीची केबल ३४ तारांची, त्यातल्या शेवटच्या म्हणजे ३४ नंबरच्या तारेवरून ड्राईव्ह सांगते की मधे फ्लॉपी काढली होती. फ्लॉपी स्लो असते म्हणून विंडोज एकदा वाचलेली फाईल्सची यादी आणि कुठली फाईल कुठल्या सेक्टरला (फ्लॉपीवरच्या छोट्या कप्प्याला) आहे तो तक्ता मेमरीत धरून ठेवतं, तो सिग्नल आला की जुनं टाकून नवीन वाचतं. सिग्नल आलाच नाही तर त्याच्या मते आत अजून अंक पहिलाच आहे. म्हणून नावं पहिल्याची, आणि उघडायला गेलास की त्या जागेवर दुसऱ्या फ्लॉपीत जे काय पडलंय ते उचलून आणतं, तो तुझा कचरा. आता अशा वेळी तू फाईल सेव्ह केलीस तर पहिल्या फ्लॉपीचा तक्ता दुसऱ्या फ्लॉपीवर लिहिला जाणार आणि दुसरा अंक गेला कामातून. वाचताना नुसती दिशाभूल होते, लिहिताना खरं नुकसान होतं.

खात्री करायची असेल तर मशीन एमएस-डॉस मोडमध्ये रीस्टार्ट कर, एक फ्लॉपी बघ, मग दुसरी घाल आणि प्रॉम्प्टवर (आज्ञा टाईप करायच्या ओळीवर) कंट्रोल-सी दाबून मग यादी माग. नवीन यादी आली तर निदान पक्कं, कारण त्याने डॉस फ्लॉपी परत वाचतो. घाई असेल तर असंच एकेक करून काम उरकता येतं, पण दर वेळी आठवणीने दाबायचं आणि लॉक काढायचं नाही.

दुरुस्तीचं म्हणशील तर मी आधी केबल बदलेन. ३४ नंबरची तार केबलच्या अगदी कडेला असते, लाल पट्टीच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर घासून तीच पहिली तुटते. आपल्याकडच्या हवेत पिनांवर थर पण चढतो, मशीन बंद करून दोन्ही बाजूची कनेक्टर काढून-घालून बघ, तेवढ्यानेही कधी कधी काम होतं. केबलने नाही झालं तर ड्राईव्हच्या आत पुढच्या बाजूला बारीक बटणं असतात, एक लॉकचं, एक फ्लॉपी कुठल्या जातीची ते ओळखायचं आणि एक फ्लॉपी आत आली की दाबलं जाणारं. हे शेवटचं धुळीने दाबलेलंच राहिलं तर ड्राईव्हला वाटतं फ्लॉपी कधी बाहेर आलीच नाही. ड्राईव्ह मागे कधी बदलली होती का ते पण बाबांना विचार, दुसऱ्या जातीच्या मशीनमधून काढलेल्या ड्राईव्ह ३४ नंबरवर दुसराच सिग्नल देतात, काहींना त्यासाठी जंपर (दोन पिना जोडायचं बारीक टोपण) असतो.

तारखेचं म्हणजे बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपलाय. तो बदल आणि बायोसमध्ये (मशीन पेटतानाच्या सेटिंगमध्ये) फ्लॉपी १.४४ एमबी लिहिलंय ना तेवढं बघ. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी फुगलीत का बघ, त्या काळच्या बोर्डांत खराब कपॅसिटर भरपूर आले होते, फुगलेले असतील तर मशीन तासन्‌तास चालू ठेवू नको.

ओलावा_आणि_कागद:
ड्राईव्हचं वर आलंच आहे, मी ठिपक्यांबद्दल सांगते. ती बुरशी आहे. आमच्याकडे जुन्या कागदांबरोबर फ्लॉप्या पण येतात आणि एका पावसात माळ्यावर राहिलेल्या डब्याची काय अवस्था होते ते रोज बघते. ठिपकेवाली फ्लॉपी चुकूनही तशीच घालू नका. ड्राईव्हची हेडं फ्लॉपीच्या पृष्ठभागाला टेकूनच वाचतात आणि चकती मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे बुरशी हेडाला चिकटणार, मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढणार, म्हणजे एका अंकापायी बाकीचे अंक जातील.

आधी चांगल्या दिसणाऱ्या सगळ्या फ्लॉप्या कॉपी करून घ्या. मग ठिपकेवाल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही दिवस कोरड्या होऊ द्या. उन्हात नको, केस वाळवायचा ड्रायर नको. नंतर झाकण सरकवून, मागच्या धातूच्या चकतीने हळूहळू फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोल (जितकं शुद्ध तितकं बरं, हातांना लावायचं सॅनिटायझर चालणार नाही) लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने दोन्ही बाजू पुसा. रगडायचं नाही. मास्क लावा, पडवीत बसून करा. बुरशी आतल्या कापडी अस्तरात पण असेल तर प्लॅस्टिकचं कवच उघडून चकती दुसऱ्या स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात घालावी लागते, दिसायला भयंकर पण जमतं. हेडं पुसाल तेव्हा वरचं हेड उचलून धरू नका, त्याची स्प्रिंग नाजूक असते, वाकलं तर ड्राईव्ह संपली.

सोल्डर_फोंडा:
जुनाबोर्डकाकांनी सांगितलं ते सोळा आणे. फक्त मी असतो तर हे मशीन डेटा काढायला वापरलंच नसतं. यूएसबीची फ्लॉपी ड्राईव्ह ऑनलाईन अजून मिळते, ती लॅपटॉपला लाव, ३४ नंबरच्या तारेची भानगडच नाही. लिनक्स असेल तर डीडी-रेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या फ्लॉपीची इमेज (जशीच्या तशी एका फाईलमधली प्रत) घे, १४,७४,५६० बाईट्सची फाईल होते, साधी कॉपी खराब सेक्टरवर अडून बसते, हे त्याला वळसा घालून पुढचं वाचतं आणि राहिलेल्याला नंतर परत भिडतं. एका ड्राईव्हने वाचलं नाही ते कधी कधी दुसरी वाचते, तेव्हा जुनी पण टाकू नको.

डिचोली_डॉस:
देव बरें करूं सगळ्यांचं! कंट्रोल-सी दाबल्यावर अंक दुसरा दिसला!! केबल शेजारच्या जुन्या मशीनमधली लावून बघितली, फरक नाही. मग ड्राईव्ह उघडली तर ते बटण खरंच आत रुतलेलं, कसल्यातरी किड्याचं घर होतं त्याच्यावर. साफ केलं, आता खट्‌ खट्‌ वर येतं आणि फ्लॉपी बदलली की लगेच नवीन यादी. यूएसबीवाली पण मागवलीय, ठिपकेवाल्या ती आल्यावर.

पण नवीनच झंझट. फाईल्स लॅपटॉपवर आणल्या तर मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या आणि ठिपके. जुन्या मशीनवर तीच फाईल चक्क वाचता येते. बाबा म्हणतात मीच गावभर सांगून बसलोय की पुढच्या आठवड्यात तालीम.

सोल्डर_फोंडा:
फाईल खराब नाहीये. तेव्हा मराठी टायपिंग श्री-लिपी, आयएसएम असल्या पॅकेजांत व्हायचं, युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) वापरात नव्हतं, अक्षरं फॉन्टमध्येच दडलेली. जुन्या मशीनवर फाईल उघडून फॉन्टचं नाव बघून घे. ९८ ला पेन ड्राईव्ह ड्रायव्हरशिवाय चालत नाही, तेव्हा मशीन बंद करून हार्ड डिस्कच काढ, आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला लाव (डिस्कचा जंपर मास्टरवर) आणि विंडोजच्या आतलं आख्खं फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून घे. लॅपटॉपवर फक्त त्या नावाचा फॉन्ट बसव, बहुतेक मजकूर वाचता येईल, लगेच पीडीएफ करून तालमीला प्रिंट काढ. युनिकोडमध्ये बदलायचं काम जत्रेनंतर, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडवतात आणि पदांच्या ओळी माणसानेच बसून तपासाव्या लागतात, त्या वेळी बाबांना शेजारी बसव.