चिरंजीवांचा पायथन आणि काकांचा फॉरमॅट

ब-४०३: सर्व सभासदांना नमस्कार. मागे याच ग्रुपवर मिळालेल्या सल्ल्यानुसार चिरंजीवांच्या संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवली. नंतर कोणी म्हणाले की नवी आवृत्ती चालणार नाही, म्हणून जुनीही बसवली. आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, 'पायथन' असे टंकले की मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे पान उघडते. प्रकल्प सोमवारी द्यायचा आहे. ज्यांनी उत्साहाने सल्ले दिले, त्यांनी ते तडीसही न्यावेत ही नम्र विनंती.

अ-१०१: वहिनी, मी तेव्हाच सांगितले होते की संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावे. सर्व अडचणींवर हा एकच कायमचा उपाय आहे.

क-२०२: काका, आदर राखून सांगते, येथे फॉरमॅटचे काही कारण दिसत नाही. २०१९ सालच्या मे महिन्यातील अद्ययावतीकरणापासून विंडोज १० मध्ये 'पायथन' नावाची एक पोकळ फाइल आधीच ठेवलेली असते आणि खरे पायथन पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जेथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, सापडले नाही की ती स्टोअर उघडते. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर अगदी तळाशी पाथमध्ये जोडण्याचा चौकोन असतो, त्यावर आपोआप खूण झालेली नसते आणि घाईत तो हमखास सुटतो. वहिनी, दोन्ही वेळा ती खूण केली होती का?

ब-४०३: चिरंजीव म्हणतात की असा काही चौकोन नव्हताच.

अ-३०५: चौकोन असतो, फक्त तो चिरंजीवांच्या वयात दिसत नाही.

ब-४०३: भाऊ, विनोद सोमवारनंतर केले तर बरे होईल.

ड-५०४: प्रथम टर्मिनलमध्ये 'व्हेअर पायथन' ही आज्ञा द्यावी. कोणकोणते पायथन कोणत्या क्रमाने सापडतात, ते सर्व मार्गांसह दिसेल.

ब-४०३: आज्ञा दिली. काहीही आले नाही, चूकसुद्धा आली नाही. म्हणजे संगणकात पायथन नाहीच, असे समजायचे का?

अ-१०१: वरील संदेश कोणी वाचलेला दिसत नाही, म्हणून पुन्हा देत आहे. संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावे.

क-२०२: दादा, तुमची आज्ञा जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बरोबर आहे. वहिनींच्या संगणकावर पॉवरशेल हे नवे टर्मिनल उघडते आणि तेथे 'व्हेअर' हे वेगळ्याच आज्ञेचे टोपणनाव असल्यामुळे ती गुपचूप काहीच दाखवत नाही. तेथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असे पूर्ण लिहावे लागते. त्याहून सोपे म्हणजे 'पीवाय' लिहून एक जागा सोडावी आणि पुढे वजाचे चिन्ह, शून्य व पी जोडून लिहावे. हा लाँचर, म्हणजे बसवलेली पायथन शोधून चालवणारा छोटा प्रोग्राम, इन्स्टॉलरसोबतच येतो आणि वरचा चौकोन सुटला तरी बहुधा सापडतो.

ड-५०४: पॉवरशेलचा हा विक्षिप्तपणा मला ठाऊक आहे. म्हणूनच मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की लिनक्स घ्यावे, तेथे असली कटकट नसते.

अ-३०५: आजच्या चर्चेत लिनक्सचा प्रवेश अपेक्षेपेक्षा उशिरा झाला.

क-२०२: दादा, डेबियन १२ या लिनक्समध्ये पॅकेजे बसवणाऱ्या पिपने सरळ 'पिप इन्स्टॉल' केले तर तेही ठाम नकार देते आणि आधी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरता पॅकेजांचा वेगळा कप्पा, बनवा असे सांगते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचेही २३.०४ पासून तसेच आहे. कटकट सर्वत्र आहे, फक्त ठिकाण बदलते.

ड-५०४: तो नकार वापरकर्त्याच्या भल्यासाठी असतो, एवढेच नमूद करून मी थांबतो.

सचिव: सभासदांनी कृपया मूळ प्रश्नापुरतेच लिहावे. वहिनी, पुढे काय झाले?

ब-४०३: यादी आली. त्यात ३.१२ आणि ३.१० अशा दोन आवृत्त्या आहेत. फोटो पाठवला आहे.

क-२०२: फोटोत पडद्यापेक्षा पंख्याचे प्रतिबिंब अधिक स्पष्ट आले आहे, तरी मार्ग वाचता आले. दोन्ही पायथन सुखरूप आहेत. आता 'पायथन' हा शब्द तूर्त विसरून प्रकल्पाच्या फोल्डरमधील एन्व्हायर्नमेंट सुरू करून पाहावे.

ब-४०३: लाल अक्षरे आली. या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यास बंदी आहे, असा त्यांचा अर्थ चिरंजीवांनी सांगितला.

ड-५०४: एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालवू देण्याचा नियम, 'अनरिस्ट्रिक्टेड' करून टाकावी.

सचिव: दादा, घरातील संगणकाची सुरक्षा अशी सरसकट उघडी करण्याचा सल्ला ग्रुपवर देणे मला योग्य वाटत नाही.

क-२०२: सचिवांशी मी सहमत आहे. 'करंट यूजर'पुरती, फक्त इंटरनेटवरून आलेल्या स्क्रिप्टला स्वाक्षरी मागणारी 'रिमोट साइन्ड' पॉलिसी ठेवली तरी पुरते. तेही नको असल्यास, एन्व्हायर्नमेंटच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधील पायथन पूर्ण मार्ग देऊन थेट चालवता येते, कारण एन्व्हायर्नमेंट आधी सुरू म्हणजे ॲक्टिव्हेट करणे ही सोय आहे, अट नव्हे. हे फारसे कोणी सांगत नाही आणि नवशिके या एका पायरीवर उगाच तासन् तास घालवतात.

ब-४०३: थेट चालवून पाहिले. 'नो पायथन ॲट' असे लिहून पुढे एक लांबलचक मार्ग आला आणि त्यात भलत्याच कोणाचे तरी नाव आहे. आमच्या घरात या नावाचे कोणीही नाही.

अ-१०१: व्हायरस आहे. तिसऱ्यांदा सांगतो, संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावे.

क-२०२: व्हायरस नाही, काका. वहिनी, प्रकल्पाचे फोल्डर मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणले आहे का, एवढे चिरंजीवांना विचारा.

ब-४०३: होय, आणले आहे. हे मला आत्ता कळते आहे.

क-२०२: मग उलगडा झाला. एन्व्हायर्नमेंटमध्ये संपूर्ण पायथन नसते. ते ज्या पायथनवरून बनवले त्याचा मार्ग आतील 'पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी' या छोट्या फाइलमध्ये 'होम' या ओळीवर लिहिलेला असतो. तो मार्ग मित्राच्या संगणकाचा आहे. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडलीत तर मित्राचेच नाव दिसेल. म्हणून एन्व्हायर्नमेंट कधीही उचलून न्यायचे नसते. फक्त कोड आणि लागणाऱ्या पॅकेजांची 'रिक्वायरमेंट्स' ही यादी न्यायची व नव्या ठिकाणी ते पुन्हा बनवायचे. एन्व्हायर्नमेंटचे तेवढे एक उपफोल्डर काढून टाका, बाकी कशालाही हात लावू नका. त्या यादीत नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची कोणती आवृत्ती लिहिली आहे?

ब-४०३: १.२३.

क-२०२: तर नवे एन्व्हायर्नमेंट ३.१० वरूनच बनवावे लागेल. नमपाय १.२३ ही मालिका पायथन ३.८ ते ३.११ साठी आहे. ३.१२ साठी १.२६ पासून पुढची लागते. ३.१२ वर हट्टाने बसवू पाहिले तर तयार पॅकेज मिळत नाही, पिप ते मूळ स्रोतापासून बांधू लागते आणि पडदाभर लाल मजकूर येतो. 'पीवाय'पुढे वजा ३.१० लिहून एन्व्हायर्नमेंट बनवणारी 'व्हेन्व्ह'ची आज्ञा द्या आणि मग त्या नव्या पायथनकरवीच 'वजा एम पिप' असे लिहून यादी बसवा. नुसते 'पिप' लिहिले तर पॅकेजे नेमकी कोणत्या पायथनमध्ये गेली, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

अ-३०५: म्हणजे जुनी आवृत्ती बसवा असे सांगणारा योग्य होता. तो मी होतो, नोंद घ्यावी.

ब-४०३: भाऊ, कारण न सांगता दिलेला सल्ला योग्य ठरला, याची नोंद घेतली आहे. ताई, सर्व पॅकेजे बसली आणि टर्मिनलमधून प्रोग्राम चालला. परंतु कोड लिहिण्याच्या व्हीएस कोड या प्रोग्राममध्ये नमपायखाली अजून नागमोडी रेघ दिसते.

क-२०२: ते दुसऱ्याच पायथनकडे पाहत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबून 'पायथन सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडा आणि प्रकल्पाच्या फोल्डरमधले पायथन घ्या.

ब-४०३: रेघ गेली. मनापासून आभार. आता ३.१२ काढून टाकू का?

अ-१०१: दोन-दोन ठेवणे धोक्याचेच आहे. मी आधीच म्हणालो होतो.

क-२०२: दोन असण्यात धोका नाही, काका. वहिनी, ३.१२ राहू द्या किंवा काढा, या प्रकल्पाला फरक पडणार नाही. ३.१० मात्र काढू नका, कारण आता 'होम'च्या ओळीवर त्याचाच मार्ग आहे.