पवनचक्कीला होकार कुणाचा? उताऱ्यावर नाव असलेल्याचा की गावाचा?

सीमाभागी (धागाकर्ता)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, अथणी, रायबाग, सौंदत्ती या पट्ट्यात, जमीन बघत फिरणाऱ्या एजंटांचं आता कुणाला नवल वाटत नाही. कोरडवाहू रान, वारा, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. सौर आणि पवन कंपन्यांना जे पाहिजे ते इथं आहे. कोळशाची वीज कमी व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप होकार घेण्याच्या पद्धतीला आहे. उताऱ्यावर ज्याचं नाव त्याची सही झाली की गाव तयार आहे असं धरलं जातं.

या विषयावर बराच अभ्यास झालेला आहे. 2007 साली व्युस्टेनहागेन, वोल्सिंक आणि ब्यूरर या तिघा संशोधकांनी लोकांच्या स्वीकाराच्या तीन बाजू वेगळ्या करून मांडल्या. धोरणाला सरकार आणि एकूण समाज हो म्हणतो का, ही पहिली. ग्राहक आणि गुंतवणूकदार त्यात पैसा घालतात का, ही दुसरी. आणि ज्यांच्या बांधाला प्रकल्प लागतो ती माणसं काय म्हणतात, ही तिसरी. पहिल्या दोन बाबतींत कर्नाटक देशात पुढच्या रांगेत आहे. तिसऱ्या बाबतीत आपल्याकडं कुणी विचारायलाच येत नाही.

म्हणून मी दोन गोष्टी मागतो. करारनामा सहीआधी ग्रामसभेत वाचला जावा, आणि जिथं मराठी वस्ती आहे तिथं मराठीतही वाचला जावा. दुसरं, प्रकल्पात गावाला भाग विकत घेता यावा. नुसतं भाडं मला पुरेसं वाटत नाही.

अथणीकर_शेतकरी

दादा, भाड्याला एवढं हलकं लेखू नका. आमच्या भावकीत पवनचक्कीला जागा दिलीय. खांबाची जागा आणि रस्ता सोडला तर बाकीच्या रानात ज्वारी, हरभरा चालूच आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षीसुद्धा भाडं येतं. आमच्याकडं असं दुसरं कोणतं पीक आहे सांगा.

पावगडचं बघा. तुमकूर जिल्ह्यात 2,050 मेगावॉटचा सोलर पार्क झाला, सुमारे 13,000 एकरांवर. जमीन विकत घेतली नाही, भाड्यानं घेतली. एकरी वर्षाला 21,000 रुपये आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. शेंगेचं पीकसुद्धा ज्या रानात धड येत नव्हतं तिथं हा पैसा लहान नाही. माझी जमीन, माझी सही. त्यात ग्रामसभेनं का पडावं? सभा म्हटली की पक्षाचे लोक येणार, आणि ज्याची एक गुंठा जमीन जात नाही तोच सगळ्यात मोठ्यानं बोलणार.

खानापूरची_लेक

अथणीकर दादा, ज्याची गुंठाभर जमीन जात नाही त्याचंच तर जास्त जातं. पावगडला एकरवाल्यांना भाडं मिळालं हे खरं. पण त्याच रानात भांगलायला आणि काढणीला जाणाऱ्या बायांचा रोज गेला, शेळ्या-मेंढ्यांचं चरणं तुटलं. त्यांच्या नावावर काही नव्हतं म्हणून त्यांना भाडंही नाही. सोलरच्या तारकुंपणाच्या आत ज्वारी होत नाही. पवनचक्कीच्या बुडाला होते, पण ती गोष्ट वेगळी. दोन्ही एका मापानं मोजू नका.

आणि उताऱ्यावर किती बायकांची नावं आहेत आपल्याकडं? आयुष्यभर रान राबणारीची सही लागत नाही, आणि मुंबईला राहणाऱ्या दिराची लागते. म्हणून ग्रामसभा पाहिजे. तिथं निदान ती उभी राहून बोलू शकते.

निवृत्त_अभियंता

माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, म्हणून थोडं कडक बोलतो. लोकांना विचारा हे ऐकायला चांगलं वाटतं. साताऱ्या-सांगलीकडं दुष्काळात पवनचक्क्या ढग पळवतात अशी बातमी उठली होती, आणि शिकलेली माणसंही ती खरी मानत होती. असल्या गोष्टींवर सभेत मत घेऊन प्रकल्प थांबवायचे का?

शिवाय गावाला भाग द्या म्हणता, पण गावाला तो हवाय का? राज्यात 2023 पासून गृहज्योती आहे, 200 युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट. 10 एचपीपर्यंतच्या पंपालाही फुकट. 2024 मध्ये केंद्रानं छतावरच्या सोलरला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं, तरी ज्याचं बिल शून्य येतं त्यानं छतावर पैसा का घालावा? ही तुमची दुसरी बाजू, बाजाराची. तुम्ही म्हणता तिच्यात कर्नाटक पुढं आहे. मोठ्या पार्कपुरतं ते खरं असेल, घराच्या छतापुरतं नाही. फुकट विजेनं तिथली वाट अडवली आहे आणि त्याबद्दल कोणताच पक्ष बोलणार नाही.

सीमाभागी

सर, छताबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मोठ्या प्रकल्पांबद्दल नाही. ढग पळवण्याची अफवा का पसरली? गावाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून. डोंगरावर यंत्रं उभी राहिली, त्याच सुमारास पाऊस गेला, आणि लोकांनी आपापल्या परीनं जोड लावला. वोल्सिंक यांनी नेदरलँड्समध्ये पाहिलं की पवनचक्क्यांना असलेला पाठिंबा प्रकल्प जाहीर झाल्यावर घसरतो आणि उभा राहिल्यावर पुन्हा चढतो. घसरणीचा हा मधला काळ बोलण्याचा आहे. आपल्याकडं नेमका तोच एजंटाच्या हाती असतो.

आणि गावाला भाग नकोच असेल हे मी मानत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रात 2000 साली 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण 40 मेगावॉट. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे सभासद आठ हजारांहून जास्त. डेन्मार्क लांब वाटत असेल तर हुक्केरीला या. हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघ 1969 पासून आहे, आणि तालुक्यात वीज तोच वाटतो. ऊस घालणारे सभासद, कारखाना सभासदांचा, ही रीत निपाणी-संकेश्वर भागाला शिकवावी लागत नाही. चिपाडावरची वीज तर कारखाने कधीपासून विकतात, आणि तिच्याविरुद्ध गाव उठल्याचं मी ऐकलेलं नाही.

निवृत्त_अभियंता

हुक्केरीचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. हा संघ वीज विकत घेऊन वाटतो, तयार करत नाही. वीज वाटणाऱ्या सहकारी संस्थांच्या त्याच पहिल्या खेपेतली श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा संस्था थकबाकीत रुतली आणि 2011 मध्ये वाटपाचं काम तिच्याकडून गेलं. आपल्या भागातल्या सहकारी कारखान्यांची कर्जंही बघा. सहकारात गावाची मालकी येते, तशी गावातली निवडणूकही येते.

चिकोडी_मळा

माझी घरची भाषा कन्नड, शाळा-बाजार दोन्ही भाषांत. धागाकर्त्यांचा मराठीचा मुद्दा मला अर्धवट वाटतो. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, असं संरक्षण कागदावर आहे. ते पाळलं जावं, मी तुमच्या बाजूनं आहे. पण शेजारच्या कन्नड शेतकऱ्याला तो करार कळतो असं समजू नका. कोर्टकचेरीचं कन्नड माझ्या वडिलांनाही कळलं नाही. यात भाषेचा झेंडा आला की मराठी गाव एकीकडं, कन्नड गाव दुसरीकडं, आणि कंपनी दोघांना वेगवेगळा दर देऊन मोकळी. दोन्ही भाषांत, रोजच्या बोलीत करार समजावून सांगा अशी मागणी करा, मग आमची गावंही येतील.

दस्तलेखक_मुलगा

सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर आमचं बसणं, त्यामुळं असे करार हातून जातात. शेतकरी फक्त एकरी आकडा विचारतो. खरं बाकीच्या पानांवर असतं. मुदत 25-30 वर्षं, पण मध्येच सोडायचा अधिकार बहुतेक वेळा फक्त कंपनीला. कंपनी आपला भाडेहक्क बँकेकडं गहाण ठेवू शकते, दुसऱ्या कंपनीला देऊ शकते, त्याला तुमची परवानगी लागत नाही. मालक वारला तर भाडं कुठल्या वारसाच्या खात्यात? वाटणीचा दावा लागला की भाडं अडकतं. त्या गटावर सोसायटीचं पीककर्ज असेल तर आधी ते फेडा. आणि मुदत संपल्यावर पवनचक्कीच्या पायाचं काँक्रीट कुणी उकरायचं? काही करारांत त्याबद्दल एक ओळसुद्धा नसते. त्या जागेत पुढं नांगर चालणार नाही.

अथणीकर दादा, तुमचा करार एकदा काढून वाचा. तुमच्या निर्णयात चूक काढत नाही, फक्त पाया उकरण्याची अट आहे का तेवढं बघा.

अथणीकर_शेतकरी

करार भावाकडं आहे, बघतो. वाचून दाखवण्याला माझा विरोध कधीच नव्हता, दहा वेळा वाचा. सभेनं मंजुरी द्यायची की नाही, यावर माझं मत तेच आहे. माहिती सगळ्यांना द्या, निर्णय मालकाचा.

खानापूरची_लेक

मग गायरानाचं काय? तिथं मालक कोण? पंचायतीच्या ठरावावर सही करणारे दोघं-तिघं?

अथणीकर_शेतकरी

गायरानाला सभा पाहिजे. ते मान्य, ताई.

निवृत्त_अभियंता

एक व्यवहाराची अडचण सांगतो. सबस्टेशनला वीज घेण्याची मर्यादा असते. तुमची सोसायटी सभासद गोळा करेपर्यंत ती जागा दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. कंपन्या आधी जोडणी आपल्या नावावर करून ठेवतात आणि मग जमीन शोधतात. मालकीच्या गप्पा इथं येऊन थांबतात.

सीमाभागी

सर, हा मुद्दा मी शेवटपर्यंत लक्षात ठेवीन, कारण मागणी कुठं करायची ते यातून कळलं. प्रत्येक सबस्टेशनवर थोडी क्षमता ठरावीक मुदतीसाठी पंचायती आणि सहकारी संस्थांसाठी राखून ठेवावी. दरवाढीच्या वेळी वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथं कुठलाही ग्राहक लेखी म्हणणं देऊ शकतो. चिकोडीकर, तुम्ही कन्नड मसुदा करा, मी मराठी करतो. पाया उकरण्याची अट आणि वारसाच्या खात्याचा मुद्दा दस्तलेखक दादांनी लिहून द्यावा. गायरानाचा परिच्छेद ताईंचा. आणि सर, सहकार का बुडतो ते तुम्ही लिहा, अजिबात मऊ न करता. संस्थेचे हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसानं तपासावेत, ही अट त्यातूनच निघेल.

निवृत्त_अभियंता

लिहून देतो. सहीच्या आधी मला दोन्ही भाषांतले मसुदे दाखवा.